जेनीचं घर कुठलं, हे कोणी ठरवायचं? जेनी हॅच प्रकरणाचा अभ्यास

२ ऑगस्ट २०१३ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, न्यूपोर्ट न्यूज शहराच्या सर्किट कोर्टात न्यायाधीश डेव्हिड प्यू यांनी जेनी हॅच हिच्या प्रकरणात निकाल दिला. जेनी तेव्हा २९ वर्षांची होती. तिला डाऊन सिंड्रोम आहे. तिने कुठे राहायचं, कुणाला भेटायचं, काम कुठे करायचं हे ठरवण्याचा अधिकार तिचा की दुसऱ्या कुणाचा, यावर एका बाजूला तिची आई आणि सावत्र वडील, तर दुसऱ्या बाजूला स्वतः जेनी उभी होती. आपण तिच्या भल्यासाठीच भांडतोय, अशी आईवडिलांचीही खात्री होती. म्हणून तर हे प्रकरण बारकाईने वाचायला हवं. एक बाजू उघडउघड दुष्ट असती, तर त्यातून शिकण्यासारखं फारसं उरलं नसतं.

हा प्रश्न आता इतक्या घरांत का उभा राहतो, याचं उत्तर आयुर्मानात आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचं मृत्यूसमयीचं मध्यक वय २५ होतं. १९९७ पर्यंत ते ४९ वर गेलं, आणि आता ते साठीच्या घरात आहे. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. तान्हेपणीच त्याची शस्त्रक्रिया होऊ लागली, मोठमोठ्या कोंडवाड्यासारख्या संस्थांत मुलांना टाकणं कमी झालं, थायरॉइडसारख्या तक्रारींवर वेळेत उपचार मिळू लागले, आणि आयुष्य दुपटीहून जास्त वाढलं. आधीच्या पिढीतल्या आईबापांना मूल जगेल का, ही काळजी होती. आताच्यांना वेगळी आहे: आपल्या मागे ते कसं जगेल? घाबरलेल्या आईबापांना या प्रश्नाचं सगळ्यात हाताशी असलेलं उत्तर म्हणजे कायदेशीर पालकत्व. मूल अठराचं झालं की न्यायालयात अर्ज करायचा आणि त्याच्या वतीने सगळे निर्णय घेण्याचा अधिकार मिळवायचा. पुष्कळ ठिकाणी हे इतकं सरसकट होतं, की याला दुसरा काही पर्याय असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

जेनीच्या बाबतीत तो अर्ज तिच्या अठराव्या वर्षी आला नाही. तोवर प्रौढ म्हणून काही वर्षं ती आपलं आयुष्य जगली होती. दोन बाजूंची तुलना करायला न्यायालयासमोर काही उभं राहिलं ते त्यामुळेच.

अर्जापूर्वीचं आयुष्य

न्यूपोर्ट न्यूजमधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात जेनी सुमारे पाच वर्षं पगारी काम करत होती. कामाला सायकलवरून जायची. तिचे मित्रमैत्रिणी होते, मोबाइल होता, लॅपटॉप होता. निवडणुकांच्या प्रचारात ती स्वयंसेवक म्हणून हिंडायची. तिचा बुद्ध्यांक ५० च्या आसपास सांगितला गेला होता. पैशाचा हिशेब, वैद्यकीय कागदपत्रं, सरकारी अर्ज यांसाठी तिला मदत लागायची आणि ती मदत ती मागून घ्यायची. विश्वासातल्या माणसांच्या नावे तिने मुखत्यारपत्रही केलं होतं.

२०१२ मध्ये सायकलवरून जाताना तिला गाडीने धडक दिली. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर जायचं कुठे, हा प्रश्न आला. दुकान चालवणाऱ्या जोडप्याने तिला आपल्या घरी आणलं. पाच वर्षं ते तिला रोज पाहत होते. ती काय करू शकते आणि कुठे अडते, याची त्यांना नेमकी कल्पना होती. त्यांच्या घरी राहायला जेनीला आवडलं आणि तिने तसं स्पष्ट सांगितलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आई आणि सावत्र वडिलांनी पालकत्वासाठी अर्ज केला.

अर्जाची व्याप्ती पाहिली की बाकीचं आपोआप समजतं. जेनीचं आरोग्य, काळजी, सुरक्षितता, शिक्षण, उपचार, राहण्याची जागा आणि तिला कोणी भेटायचं व कोणी नाही, या सगळ्यांवरचा अधिकार त्यात मागितला होता. वाहतुकीत सायकल चालवणं धोक्याचं वाटतं, तर त्यावर बोलता आलं असतं. औषधं चुकतात असं वाटतं, तर त्याची सोय लावता आली असती. मागणी मात्र सरसकट होती. पूर्ण पालकत्वाचा हाच मूळ दोष मला वाटतो. एका ठिकाणी अडचण दिसते आणि दहा ठिकाणचे अधिकार जातात. मतभेद मुळात होता तो राहायचं कुठे यावर. आईवडिलांना ती देखरेखीच्या निवासात, म्हणजे ग्रुप होममध्ये सुरक्षित राहील असं वाटत होतं. जेनीला मित्रांकडे राहायचं होतं.

सुरक्षिततेचं एक वर्ष

अंतिम निकाल लागेपर्यंत न्यायालयाने तात्पुरते पालक नेमले. पुढचं जवळपास वर्षभर जेनी ग्रुप होममध्ये होती, एकातून दुसऱ्यात हलवली जात होती. दुकानातली नोकरी सुटली. मोबाइल आणि लॅपटॉप काढून घेतले गेले. मित्रांना भेटण्यावर बंधनं आली.

हे वाचून संताप येतो. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही, कारण यातलं बरंचसं कुणी क्रूरपणे केलेलं नव्हतं. व्यवस्था आपल्या नेमून दिलेल्या वाटेने चालली होती. देखरेख ज्यांच्याकडे असते त्यांना अपघात झाला तर जाब विचारला जातो. माणूस उदास झाला, त्याची ओळखीची माणसं तुटली, त्याच्या हातचं कौशल्य गेलं, तर त्यांना जाब विचारायला कुणी येत नाही. साहजिकच ते अपघात टाळतात आणि बाकीच्याकडे लक्ष देत नाहीत.

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी आयुष्यभर काम केलेल्या रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्येच एक मुद्दा मांडला होता: धोका पत्करण्यातही माणसाचा सन्मान असतो, आणि सगळे धोके काढून घेतले की माणूसपणाचा एक तुकडाही काढून घेतला जातो. जेनीचं ते वर्ष म्हणजे या विचाराची उलट बाजूने मिळालेली प्रचिती आहे. ती सुरक्षित होती. तिचा दिवस मात्र तिचा राहिला नव्हता.

शिवाय, अधिकार काढून घेतल्याने माणूस सुरक्षित होतो का, हेही तपासायला हवं. इशिता खेमका, लिंडा हिक्सन आणि गिलियन रेनॉल्ड्स यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रियांना अत्याचाराच्या प्रसंगांत निर्णय कसा घ्यायचा याचं प्रशिक्षण दिलं होतं. प्रशिक्षण मिळालेल्या स्त्रिया असे प्रसंग ओळखण्यात आणि स्वतःला वाचवेल असा निर्णय घेण्यात पुढे होत्या. म्हणजे 'नाही' म्हणण्याचा सरावच संरक्षण देतो. जिच्या वतीने वर्षानुवर्षं दुसरेच 'हो' म्हणत आले, तिला ऐन वेळी 'नाही' म्हणायचं कुठून सुचणार? सांगेल ते निमूट ऐकण्याची सवय लागलेला माणूस चांगल्या माणसाचं ऐकतो तसंच वाईट माणसाचंही ऐकतो.

आईवडिलांची बाजू

या प्रकरणावर लिहिताना बरेच जण आईवडिलांना खलनायक करून टाकतात. मला ते पटत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीला वाढवताना आईबापांनी काय काय सोसलेलं असतं! डॉक्टरांनी जन्मताच दिलेला नकाराचा सूर, शाळाप्रवेशासाठी केलेली धावपळ, समारंभातल्या नजरा. प्रत्येक टप्प्यावर त्यांनी मुलीच्या वतीने बोलायचं, भांडायचं आणि निर्णय घ्यायचा. तसं त्यांनी केलं नसतं, तर तिला काहीच मिळालं नसतं. वीस-पंचवीस वर्षं जी गोष्ट प्रेमाची आणि कर्तव्याची होती, ती एका दिवशी सोडा म्हटलं तर कशी सुटेल?

त्यांची भीतीही पोकळ नसते. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींवर अत्याचार आणि त्यांची आर्थिक फसवणूक इतरांपेक्षा जास्त होते. गोड बोलून सही घेणारे भेटतात. दुकानाच्या मालकांनी मुलीला घरी ठेवून घेतलं, हे ऐकल्यावर कुठल्या आईच्या मनात शंका येणार नाही? ही माणसं चांगली निघाली, हे आज आपल्याला ठाऊक आहे. अर्ज करताना त्या आईला ते ठाऊक नव्हतं.

तेव्हा भीती खरी धरू. पण ती कोणत्या उपायाने कमी होते, हा वेगळा प्रश्न आहे. फसवणुकीची भीती असेल तर खात्यावर दोघांची नजर असावी, मोठ्या खर्चाला दुसऱ्या माणसाचा होकार लागावा, आधार देणाऱ्यांत घरचे आणि बाहेरचे दोन्ही असावेत. हे सगळं माणसाचा अधिकार शाबूत ठेवून करता येतं. व्हर्जिनियाच्या कायद्यातही पालक नेमण्याआधी कमी बंधनकारक पर्याय उपलब्ध आहेत का, व्यक्तीचं स्वावलंबन जास्तीत जास्त वाढेल का, याचा विचार न्यायालयाने करावा असं लिहिलेलंच होतं. मुखत्यारपत्र हा त्यातलाच एक पर्याय, आणि जेनीने तो आधीच वापरला होता.

क्षमता मोजायची कशी

सुनावणी सहा दिवस चालली. जेनीच्या बाजूने जोनाथन मार्टिनिस हे वकील उभे होते. अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या वॉशिंग्टनमधल्या क्वालिटी ट्रस्ट या संस्थेचे ते तेव्हा कायदेविषयक संचालक होते. त्यांच्या मांडणीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट: जेनीला सगळं एकटीने जमतं, असा दावा त्यांनी केलाच नाही. तिला मदत लागते, हे पहिल्यापासून मान्य करून ते पुढे गेले.

एका तज्ज्ञाच्या साक्षीत असं आलं की आरोग्य, राहण्याची जागा अशा गोष्टींचे निर्णय घेताना जेनीला मदत लागेल, मार्ग दाखवणारं कुणीतरी लागेल. वरवर पाहता हे तिच्या विरोधात जाणारं वाक्य. मार्टिनिस यांच्या मते ते तिच्याच बाजूचं होतं. निर्णय घेताना मदत लागणं वेगळं आणि निर्णय दुसऱ्याने घेणं वेगळं. आपण सगळेच शस्त्रक्रियेआधी दोन डॉक्टरांना विचारतो, घर घेताना वकिलाला कागद दाखवतो, नोकरी सोडायची की नाही यावर मित्राचं डोकं खातो. म्हणून कोणी आपला निर्णयाचा अधिकार काढून घेत नाही. मग जेनीला हीच गोष्ट जास्त वेळा आणि जास्त सावकाश लागते, एवढ्यावरून तिचा अधिकार का जावा?

इथे डाऊन सिंड्रोमबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण क्षमतेच्या चाचण्या नेमक्या इथेच फसतात. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असल्यामुळे ही अवस्था होते. जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ते जगापुढे आणलं. बहुतेकांची बौद्धिक क्षमता सौम्य ते मध्यम प्रमाणात कमी असते, पण ती सगळीकडे सारखी कमी नसते. ऐकलेलं समजण्याची ताकद बोलून दाखवण्याच्या ताकदीपेक्षा सहसा जास्त असते. कानाने ऐकून लक्षात ठेवणं जड जातं, डोळ्यांनी पाहिलेलं चांगलं लक्षात राहतं. अनेकांना ऐकायलाही कमी येतं. उत्तर तयार व्हायला वेळ लागतो.

आता कल्पना करा: अनोळखी खोली, अनोळखी तज्ज्ञ, लांबलचक तोंडी प्रश्न, आणि उत्तर आलं नाही की लगेच पुढचा प्रश्न. ही चाचणी त्या व्यक्तीच्या सगळ्यात कच्च्या बाजूवर बेतलेली असते. मग अहवालात 'समजत नाही' असं लिहिलं जातं. तोच प्रश्न दोन चित्रं समोर ठेवून, ओळखीच्या माणसाच्या सोबतीने, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारला तर उत्तर वेगळं येऊ शकतं. मुखत्यारपत्र म्हणजे काय, हे अवघड शब्दांत विचारलं तर जेनीच काय, कितीतरी पदवीधर गडबडतील. गरज पडली की मला मदत करायला मी या माणसांना सांगितलंय, एवढं तिला कळत असेल तर त्या कागदाचा गाभा तिला कळलेला असतो.

याहून जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे होकार. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती, विशेषतः अधिकारी वाटणाऱ्या माणसासमोर, 'हो' म्हणण्याकडे झुकतात, हे संशोधनातून वारंवार दिसलं आहे. 'तुला इथे आवडतं ना?' याला 'हो', आणि 'तुला इथून जायचंय ना?' यालाही 'हो'. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा 'हो' घेऊन न्यायालयात जाऊ शकतात. म्हणून प्रश्न उलटसुलट करून, पर्याय देऊन, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी विचारायला हवा. जेनीच्या बाबतीत मला निर्णायक वाटतं ते हेच. कोणीही विचारलं, कितीही वेळा विचारलं, तरी तिचं उत्तर एकच राहिलं. तिला मित्रांच्या घरी राहायचं होतं, दुकानात काम करायचं होतं आणि पालकत्व नको होतं. वर्षभर त्या सगळ्यापासून दूर ठेवल्यावरही ते उत्तर टिकलं. एखाद्याची इच्छा खरी आहे हे ओळखायला याहून जास्त पुरावा कुठल्या चाचणीत मिळणार?

निकाल

न्यायाधीश प्यू यांनी जेनी कुठे राहू इच्छिते, याला वजन दिलं. आई आणि सावत्र वडिलांना पालक नेमण्याऐवजी त्यांनी दुकानाच्या मालक जोडप्याला मर्यादित पालक नेमलं, तेही फक्त एका वर्षासाठी. त्या वर्षात जेनीला आपले निर्णय आपण घेण्यासाठी मदत करायची आणि वर्षाअखेर पालकत्वातून बाहेर पडून केवळ आधार देण्याच्या पद्धतीकडे जायचं, असं उद्दिष्टही आदेशात घालून दिलं. ती पद्धत कागदावर अगदी थोडक्यात सांगता येते: व्यक्ती आपल्या विश्वासातली माणसं निवडते, ती माणसं माहिती समजावतात, पर्याय दाखवतात, परिणाम सांगतात, ठरलेलं अमलात आणायला मदत करतात, निर्णय आणि सही व्यक्तीचीच राहते.

हा निकाल अमेरिकेतल्या अपंग हक्क चळवळीने मैलाचा दगड मानला, आणि ते योग्यच आहे. तरीही त्यातल्या दोन गोष्टी मला खुपतात.

पहिली, कायद्याच्या नजरेत जेनी 'अक्षम' ठरलीच. न्यायालयाला पालक नेमायचा तर तो शिक्का आधी मारावा लागतो. त्या शिक्क्याशिवाय ती आपल्या घरी गेली असती तर निकाल पूर्ण न्याय्य म्हणता आला असता. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार डिसेंबर २००६ मध्ये मंजूर झाला. त्याचं १२ वं कलम म्हणतं की अपंग व्यक्तींना आयुष्याच्या सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे, आणि ती वापरायला लागणारा आधार पुरवणं हे राज्याचं काम आहे. अमेरिकेने २००९ मध्ये त्या करारावर सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही. जेनीचा निकाल त्या कलमाच्या दिशेने एक पाऊल पुढे गेला आणि उंबरठ्यावर थांबला.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जेनी जिंकली, कारण तिच्याकडे घर उघडं ठेवणारी दोन माणसं होती आणि खटला लढवणारी संस्था होती. ज्या तरुणाकडे वयस्कर आईबापांपलीकडे एकही माणूस नाही, त्याच्यासाठी हा निकाल काय करतो? आधार घेऊन निर्णय घ्यायला आधार देणारी माणसं लागतात, आणि ती कोर्टाच्या आदेशाने उगवत नाहीत. जेनीची ती माणसं नोकरीतून आली होती. कामाच्या जागी रोज भेटलेल्या, पगार देणाऱ्या-घेणाऱ्या साध्या नात्यातून. तिला तिशीपर्यंत घरात किंवा फक्त अपंगांसाठीच्या केंद्रात ठेवलं असतं, तर तिच्या बाजूने साक्ष द्यायला कोण आलं असतं?

त्यानंतर

ऑगस्ट २०१४ मध्ये ठरल्याप्रमाणे पालकत्व संपलं. जेनी मित्रांच्या घरी राहिली, दुकानात कामाला परत गेली, आणि ठिकठिकाणी जाऊन आपली गोष्ट सांगू लागली. क्वालिटी ट्रस्टने तिच्या नावाने न्याय प्रकल्प सुरू केला. २०१४ मध्ये या विषयासाठी केंद्र सरकारच्या निधीतून राष्ट्रीय संसाधन केंद्र उभं राहिलं. २०१५ मध्ये टेक्सासने आधार घेऊन निर्णय घेण्याच्या कराराला कायद्यात स्थान दिलं, तसं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. पुढच्या वर्षी डेलावेअर आलं. जेनीच्या व्हर्जिनियाने ते २०२१ मध्ये केलं.

तिच्या एकटीच्या गोष्टीवर सगळा डोलारा उभारू नये, असं कुणी म्हटलं तर ते रास्त आहे. मायकेल वेमायर आणि मिशेल श्वार्ट्झ यांचा १९९७ चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. सौम्य बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांची शाळेत असताना स्वनिर्णयाची क्षमता मोजली आणि शाळा सुटल्यावर वर्षभराने त्यांचं काय चाललंय ते पाहिलं. स्वनिर्णयात वरच्या गटातले ८० टक्के जण पगारी कामावर होते, खालच्या गटातले ४३ टक्के. हा अभ्यास फक्त डाऊन सिंड्रोमचा नव्हता, आणि कोणतं कारण व कोणता परिणाम हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण निर्णय घ्यायला शिकवणं ही शिक्षणातली चैन आहे, असं म्हणणाऱ्यांना याचं उत्तर द्यावं लागेल.

रोजच्या जगण्यात हे कसं दिसतं

कोर्टाची भाषा बाजूला ठेवली तर ही पद्धत फार साध्या ठिकाणी सुरू होते. सहा-सात वर्षांच्या मुलाला दोन शर्टांतून एक निवडू देणं, आणि त्याने 'चुकीचा' निवडला तरी तोच घालू देणं. पंधराव्या वर्षी डॉक्टरांना 'तिला विचारा' म्हणणं आणि ती उत्तर देईपर्यंत गप्प राहणं. ही गप्प राहण्याची सवय आईबापांना सगळ्यात जड जाते. मुलगी शब्द शोधत असते आणि वाक्य आईच पुरं करते.

पैशाबाबत थोडी रक्कम पूर्णपणे तिच्या हातात, मोठी रक्कम दोघांच्या नजरेखाली. आरोग्यात चित्रांची यादी, भेटीआधी घरी केलेला सराव, सोबत तिने निवडलेला माणूस. वेळ डोळ्यांना दिसेल असा मांडलेला असावा, कारण पाहिलेलं लक्षात राहतं: भिंतीवरचं आठवड्याचं वेळापत्रक, फोनमधल्या खुणा, पायऱ्यापायऱ्यांचे फोटो. स्वतंत्र राहणं म्हणजे एकटं राहणं असा अर्थ कुणी लावू नये. पालकत्व संपल्यावर जेनी स्वतंत्र होती आणि तरीही ती एकटी राहत नव्हती.

नात्यांचा विषय बहुतेक घरांत टाळला जातो. प्रेम, शरीर, लग्न यांवर बोलणंच नको, म्हणजे इच्छाच होणार नाही, अशी समजूत असते. इच्छा होतेच. माहिती नसलेल्या माणसाची इच्छा त्याला धोक्यात नेते. शरीराबद्दलचे साधे, नेमके शब्द, संमती म्हणजे काय, नको म्हणायचं कसं, कुणाला सांगायचं, हे सगळं शिकवण्याइतकं संरक्षण कुठलंच कुलूप देत नाही.

आणि आधार देणाऱ्यांवरही नजर हवी. माणसं निवडलेली असली तरी तीही ढकलू शकतात, मन वळवता वळवता स्वतःचीच इच्छा पुढे रेटू शकतात. म्हणून एकाच माणसाच्या हाती सगळं नसावं, ठरलेल्या काळाने करार पुन्हा वाचला जावा, आणि व्यक्तीला हवं तेव्हा एखाद्या आधारकर्त्याला 'आता तू नको' म्हणता यावं. हा शेवटचा अधिकार पालकत्वात नसतो. पालक बदलायला पुन्हा कोर्टात जावं लागतं.

एक गोष्ट मात्र घाईने करायला हवी, आणि तिच्याबद्दल फार कमी घरांत बोललं जातं. अल्झायमरशी संबंधित एपीपी हे जनुक २१ व्या गुणसूत्रावरच असतं. त्याची जास्तीची प्रत असल्यामुळे चाळिशीपर्यंत डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत या आजाराच्या खुणा दिसू लागतात आणि स्मृतिभ्रंशाची लक्षणं साधारण पन्नाशीच्या मध्यावर येतात. तेव्हा आधार पुरेनासा होईल आणि कुणाला तरी तिच्या वतीने बोलावं लागेल. ते काय बोलणार? तिची पसंती आधीच नोंदलेली नसेल तर अंदाजानेच बोलणार. म्हणून पंचविशीत, तिशीत, ती स्वतः सांगू शकते तेव्हाच तिच्या शब्दांत, तिच्या आवाजात, चित्रफितीत हे नोंदवून ठेवावं: कुठे राहायचंय, कुणाच्या हातून अंघोळ चालेल, कुठलं गाणं लावायचं, रुग्णालयात कुणी सोबत असावं, कुणी अजिबात नसावं. आणि दर वाढदिवसाला ती नोंद तिच्यासमोर वाचून, काही बदलायचंय का असं विचारावं.